अण्णांचं नाक

आमच्या घरात पुरुषांना शिरायचं तर आधी तोंड उघडावं लागे. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून घरी येत, आंघोळ करत आणि क्वार्टरच्या दारात लोखंडी खुर्ची टाकून बसत. त्यानंतर जो कोणी पुरुष येईल त्याने त्यांच्यापुढे वाकून 'हा' करायचा. अण्णा डोळे मिटून तो श्वास हुंगत, मान हलवत आणि म्हणत, "जा, जेवून घे." एकदा आईच्या सख्ख्या भावालाही त्यांनी 'हा' करायला लावला होता. मामांना ते फार लागलं. पुढे ते आमच्याकडे आले तरी चहा पिऊन निघायचे.

बायकांना 'हा' करावा लागत नसे. मला लहानपणी यात अन्याय वाटायचा. एकदा मी दादाच्या मागोमाग रांगेत उभी राहिले आणि अण्णांच्या तोंडावर मोठ्ठा 'हा' केला. अण्णा हसले. "तुझा काय वास घ्यायचा? बोरं खाऊन आलीयेस," म्हणाले. अण्णा हसल्याच्या माझ्याकडे ज्या मोजक्या आठवणी आहेत त्यातली ही एक.

त्यांच्या या पद्धतीला कारण होतं. माझ्या आजोबांनी गावच्या लोकांबरोबर दीक्षा घेतली, पाच शीलं घेतली आणि वर्ष सरायच्या आत पाचवं मोडलं. दारूतच गेले. अण्णा तेव्हा लहान होते, पण त्यांनी ठरवून टाकलं की हे आपल्या घरात पुन्हा व्हायचं नाही. पाचवं शील सगळ्याच नशेपासून लांब राहायला सांगतं. आमच्या घराला मात्र त्यातली दारू तेवढी ऐकू आली.

मी चौथीत असताना अण्णांचा धाकटा भाऊ, आमचे काका, गावाहून नोकरी शोधायला आले आणि आमच्याकडे राहिले. मिश्कील माणूस. मला खांद्यावर घेऊन शंकराच्या देवळापर्यंत फिरवून आणायचे आणि अण्णांना सांगायचे, "देव नाही बघितला हां, नुसते दगड बघितले." एका संध्याकाळी ते 'हा'मध्ये नापास झाले. अण्णा उठले. आत गेले, काकांची ट्रंक उचलली आणि दाराबाहेर ठेवली. आई रडली, शेजारच्या काकू मध्ये पडल्या, पण अण्णा पुन्हा खुर्चीत बसले होते. काका बराच वेळ नळापाशी उभे राहिले आणि मग ट्रंक घेऊन गेले. दोनेक वर्षांनी कल्याणच्या दवाखान्यातून निरोप आला. अण्णा जाऊन सगळं उरकून आले. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा दारात होती.

तर अशा घरात माझा दादा वाढला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर म्हणून लागला. दादाने दारूला कधी बोटही लावलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकते. जयंतीच्या मिरवणुकीत त्याचे मित्र लेझीमच्या मध्येच गायब होऊन तर्र होऊन परत यायचे, हा मात्र सरबताचा ग्लास घेऊन उभा. रविवारी विहारात वस्तीतल्या मुलांना वंदना शिकवायचा. त्याचा आवाज इतका स्वच्छ होता की म्हाताऱ्या बाया त्याच्या आवाजासाठी येऊन बसायच्या. विहाराच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे. अण्णांना त्या किल्लीचा अभिमान पगारापेक्षा जास्त होता.

मला सायकल त्याने शिकवली आणि अपूर्णांकही. वर्गातला एक मुलगा मला काहीबाही बोलला तेव्हा शाळेच्या फाटकाशी येऊन नुसता उभा राहिलाही तोच. तेवढ्याने काम झालं. मला त्याच्याबद्दल जे वाटायचं ते आता लिहायला लाज वाटते. मी त्याला देव मानत होते, आणि आमच्याकडे देव मानत नाहीत.

कंपनीत ॲसिडच्या टाक्यांपाशी काम करून दादाला खोकला लागला. डॉक्टरांनी एक सिरप लिहून दिलं. दोन-दोन चमचे, दिवसातून तीनदा. आठवड्याभरात खोकला थांबला. सिरप थांबलं नाही.

मी तेव्हा नववीत होते. शनिवारी दुपारी उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात शिवणाच्या क्लासला जायचे. एके दिवशी दादाने माझ्या हातात ती डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाला, "येताना माझं औषध आणशील? इथल्या मेडिकलवाल्यांकडे स्टॉक नसतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि काउंटरवर गेलीस की आधी खोक."

"मी कशाला खोकू?"

"अगं, गर्दुल्ले लोक हे औषध घेतात नशेला. म्हणून माझ्यासारख्या पोराला बघितलं की देत नाहीत. खरा आजारी माणूस बोंबलतो. तू मुलगी आहेस, तुला देतील."

मला ते पटलं. न पटायला काय झालं? माझा दादा सांगत होता. आम्ही मागच्या आवारात, पेरूच्या झाडाखाली खोकायची तालीम केली. "घशातून नको, फेक वाटतो. छातीतून. आणि खोकल्यावर जरा दम लागल्यासारखं कर." मी खोकायचे, तो हसायचा, मीही हसायचे. मला वाटलं आमच्या दोघांचं काहीतरी खास गुपित आहे.

मेडिकल स्टोअरवाले सिंधी गृहस्थ होते. पांढरा सदरा, कानावर पेन. पहिल्या वेळी त्यांनी माझा खोकला ऐकून बाटली दिली आणि वर आल्याची एक गोळी फुकट दिली. "बेटी, ठंडा मत पीना," म्हणाले. मी क्लासच्या पिशवीत, कापडांच्या तुकड्यांमध्ये बाटली गुंडाळून आणली. पुढे दर शनिवारी आणू लागले. मग एकाच्या दोन आणल्या. कधी कधी दुसऱ्या बाजारातल्या दुसऱ्या दुकानातूनही आणल्या. चिठ्ठी घड्यांवर फाटली तेव्हा दादाने तिला मागून चिकटपट्टी लावून दिली.

घरात जे बदलत होतं ते सगळ्यांना दिसत होतं, फक्त आम्ही त्याला वेगवेगळी नावं देत होतो. दादा चहात साखर घालून घालून त्याचा पाक करायचा. सारखं नाक खाजवायचा. बोलता बोलता बसल्या जागी डोळे मिटायचा, मग दचकून "हां, काय म्हणत होतीस?" विचारायचा. पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल घ्यायचा. आई म्हणायची, "पाळ्यांनी पोरगं पिचलं." ती अडुळशाचा काढा करायची आणि तो मुकाट्याने प्यायचा. आणि संध्याकाळी दारात वाकून 'हा' करायचा. त्याच्या तोंडाला औषधाचा गोड वास असायचा. अण्णा डोळे मिटून हुंगायचे आणि विचारायचे, "औषध घेतोयस ना वेळेवर?"

"हो, अण्णा."

"जा, जेवून घे."

दहावीच्या वर्षी हिवाळ्यात मला खोकला झाला. खराखुरा. ताप गेला पण खोकला मुक्कामाला राहिला. आई मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याच जातीचं सिरप दिलं, लहान डोसाचं. दादाच्या बाटलीशी घोटाळा होऊ नये म्हणून आईने माझ्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. औषध मला दादाच पाजायचा. झाकणात माप भरायचा, माझ्या मानेखाली हात घालायचा, "आ कर," म्हणायचा आणि वर पाण्याचा घोट द्यायचा. सर्दीने माझ्या जिभेला चव राहिली नव्हती. मला फक्त गोड लागायचं आणि त्याचा हात मानेखाली बरा वाटायचा.

तीन आठवडे गेले तरी खोकला हटेना. वर्गात बाईंनी मला दोनदा बाहेर बसवलं. फासळ्या दुखायच्या. आई माझ्यावरच करवादायची, "गार पाण्यात हात घालतेस, मग कसं बरं वाटेल?" बाटली संपत आली तेव्हा मी शनिवारी क्लासहून येताना माझी स्वतःची चिठ्ठी घेऊन त्या सिंधी काकांच्या दुकानात गेले. बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं. मी काउंटर धरून उभी राहिले.

त्यांनी चिठ्ठीला हातही लावला नाही.

"बस कर, बेटी," ते म्हणाले. "साल भर से ये नाटक देख रहा हूँ. मेरी भी गलती है, मैं देता रहा. अब नहीं दूँगा."

"अंकल, सच में खाँसी है."

"दो-दो बोतल हफ्ते की कौन पीता है खाँसी में? ये पूरी बोतल एक बार में गटकने वाले का काम है. घर में कौन है तेरे? जो भी है, तू अपने पापा को भेज मेरे पास. समझी?"

मी खोकत खोकत बाहेर आले. मागून त्यांनी आल्याची गोळी पुढे केली होती, ती मी घेतली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. घरी पोचेपर्यंत तो राग त्यांच्यावर राहिला नव्हता.

घरी आई तांदूळ निवडत होती. मी फळीवरून माझी लाल दोऱ्याची बाटली काढली, उरलेलं सगळं बशीत ओतलं आणि नाक शिंकरून त्याचा वास घेतला. मग बोट बुडवून चाटलं. एकदा, दोनदा. मग बशी आईपुढे धरली.

आईने हुंगलं. तिचा हात तांदळात तसाच राहिला.

"चहा," ती म्हणाली. गूळ घातलेला कोरा चहा.

तीन आठवडे माझा दादा माझ्या मानेखाली हात घालून मला चहा पाजत होता. माझं औषध तो पीत होता. खोकायचं नाटक मला त्याने शिकवलं आणि खरा खोकला झाला तेव्हा त्याने माझ्या तोंडातून औषध काढून घेतलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं हे मला पंधराव्या वर्षी, आमच्याच स्वयंपाकघरात कळलं.

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती आता उठेल, दादाच्या नावाने ओरडेल, मला जवळ घेईल. तिने बशी मोरीत पालथी केली, विसळली आणि म्हणाली, "अण्णांना बोलू नकोस. काकांचं काय झालं ते माहितीये ना तुला?"

"आई, मला खोकला आहे गं."

"उद्या नवीन बाटली आणते. डब्यात ठेवू." नवीन बाटली खरंच आली आणि तांदळाच्या डब्यात राहिली. चार दिवसांत माझा खोकला गेला. आई मात्र त्या विषयावर मूग गिळून बसली.

दादाला मी पेरूखालीच गाठलं. त्याने नाकारलं नाही. आधी हसायचा प्रयत्न केला, मग माझे हात धरले. "मी दारू प्यायलोय का कधी? सांग ना. औषधच आहे गं ते, डॉक्टरनेच दिलेलं. औषधाला काय कोणी नशा म्हणतं?" मग रडला. विहारात चल म्हणाला. तिथे मूर्तीसमोर उभं राहून त्याने पाचवं शील पुन्हा घेतलं, त्याच्या त्या स्वच्छ आवाजात, आणि मला म्हणाला, "झालं? आजपासून बंद." मला रडू फुटलं. माझा जीव भांड्यात पडला होता.

पुढच्या रविवारी मुलांच्या वर्गासाठी सतरंज्या काढायच्या होत्या. दादा बाहेर मुलांना हाका मारत होता, म्हणून किल्ली घेऊन मी कपाट उघडलं. सतरंज्यांच्या मागे बाटल्या होत्या. खालच्या धूळ खाल्लेल्या होत्या. वरच्या दोन अजून चिकट होत्या आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या. बाहेरून त्याचा आवाज येत होता. तो मुलांकडून पाचवं शील म्हणून घेत होता.

मी त्या दिवशी ठरवलं की अण्णांना सांगायचं. ट्रंक बाहेर जाईल याची मला भीती होती, नव्हती असं नाही. पण मला वाटलं, अण्णा कडक असले तरी खरे आहेत. या घरात एक माणूस तरी खरा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा दारात बसले होते. शेजारच्या काकू आईशी बोलत उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. मी थांबायला हवं होतं, काकू जाईपर्यंत तरी. पण थांबले असते तर बोलूच शकले नसते. मी म्हणाले, "अण्णा, दादा नशा करतो. खोकल्याच्या औषधाची. मीच आणून देत होते."

काकूंचं बोलणं थांबलं. आईने पदर तोंडाला लावला. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दादा फाटकातून आत आला.

"इकडे ये," अण्णा म्हणाले. "हा कर."

दादा वाकला. त्याने हा केला. मी दोन हात अंतरावर उभी होते, मलाही तो गोड वास आला. अण्णांनी डोळे मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. इतका वेळ त्यांनी कोणाचाच श्वास हुंगला नव्हता. मग त्यांनी डोळे उघडले.

"दारूचा वास नाही," ते म्हणाले.

आणि उठून माझ्या कानाखाली मारली. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं आणि नंतरही नाही. "सख्ख्या भावावर आळ घेतेस? चारचौघांत?" चहाची बशी मोरीत ओतणारी माझी आई, तिने मान खाली घातली. मी दादाकडे बघितलं. त्याने एक शब्द उच्चारला असता तर मी त्याला सगळं माफ केलं असतं. तो चपला काढून आत गेला. मी गालाला हात लावून दारात उभी होते आणि आतून मला ऐकू आलं, त्याने आईकडे वरण मागितलं.

यानंतर मी त्या घरात राहिले पण त्या घरातली उरले नाही. दहावी झाले, बारावी झाले, बँकेत लागले, लग्न करून अंबरनाथलाच पूर्वेला राहायला गेले. दादाशी कामापुरतं बोलायचे. अण्णांशी तेवढंही नाही. आई मधल्या काळात गेली. दादाच्या कंपनीने त्याला काढलं, दुसरीने घेतलं, तिनेही काढलं. 'हा'मध्ये तो एकदाही नापास झाला नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी दुकानदार कडक झाले असावेत. दादाला आठ दिवस सिरप मिळालं नाही. मला शेजारच्या काकूंचा बँकेत फोन आला. जाऊन बघते तर दादा घोंगडीखाली कुडकुडत होता. नाक गळत होतं, सारख्या जांभया येत होत्या, अंगावर काटा, जुलाब, पाय आपोआप झटके देत होते. अण्णा त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते. "मलेरिया दिसतोय," म्हणाले. मी रिक्षा आणली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, माझ्याच वयाची. तिने दादाच्या डोळ्यांत बघितलं, दोन प्रश्न विचारले आणि दादाने तिला पाच मिनिटांत ते सगळं सांगितलं जे आम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं नव्हतं. अण्णांनी तिला विचारलं, "पण डॉक्टर, दारू नाही ना?"

ती चिडली नाही. तिने खुर्ची ओढून अण्णांना बसवलं. म्हणाली, "काका, त्या सिरपमध्ये जे असतं ते अफूच्याच जातीचं. सांगितलंय तेवढं, थोडे दिवस घेतलं तर खोकला थांबतो. बाटली बाटली प्यायली की डोक्यावर चढतं. मग शरीराला सवय होते, कालच्याइतकं आज पुरत नाही. आणि एकदम बंद केलं की शरीर असं बंड करतं. मेडिकलमध्ये मिळतं म्हणून ती नशा नाही असं नसतं." अण्णांनी विचारलं की शपथ घेतली तर? "शपथा त्याने घेतल्याच असतील. खोट्या नसतील घेतल्या. पण हा आजार आहे, याला उपचार लागतात. आणि बरा झाला तरी पुन्हा पडू शकतो. तेव्हा एक लक्षात ठेवा. त्याला घराबाहेर काढू नका आणि झाकूनही ठेवू नका."

मी ते वाक्य ऐकलं आणि अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

दादाने उपचार घेतले. दोनदा घसरला, पुन्हा गेला. मग खरोखर सावरला. अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावी लागली आणि त्यांनी बदलापूरला शिरगावात दोन खोल्या घेतल्या. दादा जवळच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊ लागला. दोन वर्षं तो चांगला होता. मी रविवारी जाऊन दोघांचं थोडं रांधून यायचे. कर्तव्य म्हणून, असं मी नवऱ्याला सांगायचे. लोखंडी खुर्ची अण्णांनी बदलापूरलाही आणली होती. ती आता तिसऱ्या मजल्यावरच्या दारात असे.

अशाच एका रविवारी मी भाजी आणायला खाली गेले होते. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. गॅसवर दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं झालं होतं, आणि अण्णा चार पावलांवर पेपर वाचत बसले होते.

"अण्णा, वास नाही आला?"

"नाक गेलं माझं," ते म्हणाले. "वर्ष झालं. काहीच येत नाही."

मी पातेलं नळाखाली धरलं. आणि काय झालं कोण जाणे, इतक्या वर्षांचं माझ्या तोंडातून बाहेर पडलं. "तुमचं नाक तेव्हाच गेलं होतं. दादाच्या वेळी."

अण्णांनी पेपरची घडी केली. मला वाटलं ओरडतील.

"तेव्हा नव्हतं गेलं," ते म्हणाले. "गोड वास यायचा. रोज यायचा. कारखान्यात माझ्या खात्यात एक जण होता, त्याच्या तोंडाला पण तसाच यायचा. मला ठाऊक होतं ते काय आहे."

नळ चालू होता. मी तो बंद केला.

"ठाऊक होतं? मी सांगायच्या आधीपासून?"

"आधीपासून. पण दारूचा नव्हता ना. दारूचा असता तर ट्रंक बाहेर ठेवावी लागली असती. एकदा ठेवली मी. पुन्हा नसती जमली."

"मग मला का मारलंत?"

"तू बोललीस. शेजारणीसमोर बोललीस. ते खरं म्हटलं असतं तर काढावंच लागलं असतं त्याला."

"म्हणून मला मारलंत."

अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले, "तू कुठे जाणार होतीस? तू घरातच राहणार होतीस."

त्यांना वाटत होतं ते माझी समजूत घालतायत. मला मात्र गाल पुन्हा तसाच झोंबला. दादाने मला फसवलं ते नशेपायी, आईने भीतीपायी, एवढं मी इतक्या वर्षांत स्वतःला समजावलं होतं. या माणसाने मात्र पूर्ण शुद्धीत, डोळे मिटून, वास ओळखून मला खोटं पाडलं होतं. हे मला कधी विसरता येईल असं वाटत नाही. आजही वाटत नाही.

मी पिशवी उचलली. निघूनच जायचं होतं. तेवढ्यात दादा वर्कशॉपमधून जेवायला आला. पंचेचाळिशीही न गाठलेला माणूस, केस पांढरे, हातात चपला. सवयीने अण्णांच्या खुर्चीपुढे वाकला आणि हा केला. अण्णांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

"तू बघ गं," ते म्हणाले.

आमच्या घरात बाईला ते काम कधी मिळालं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि दादाजवळ गेले. त्याने पुन्हा हा केला नाही, पण तोंड उघडंच होतं. गोड वास होता. तोच. त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्याने नाक खाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे त्याला कळलं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. अण्णा वाट बघत होते, हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट.

"दारूचा वास नाही," मी म्हणाले.

"जा, जेवून घे," अण्णा म्हणाले.

दादा चपला ठेवून आत गेला. मी बाहेरच्या खोलीत उभी होते. आतून त्याने वरण मागितलं. मी जाऊन वाढलं.